कासियानाने पोरीचे कपडे बदलले

कासियाना तुस हिची हाडं गेल्या ऑक्टोबरात मी साफ केली. तिचं ते करणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं.

आमच्या गावात माणूस तीन वर्षं मातीत राहतो. मग त्याला वर काढायचं, हाडं कोरड्या ब्रशने झटकायची आणि लाकडी पेटीत भरतकाम केलेल्या कपड्यावर रचायची. पुढे दर वर्षी मृतांच्या सणाआधी पेटी उघडायची, हाडं पुसायची, नवा कपडा घालायचा. आम्ही त्याला मेलेल्यांचे कपडे बदलणं म्हणतो. काम सोपं नाही. घाई केली की बरगडी मोडते.

कासियानाला हे काम गावात सगळ्यांत चांगलं यायचं. नवरा, सासू, दीर, सगळ्यांचं तिनेच केलं. फक्त लेकीचं करता येत नव्हतं. नेल्मी कामासाठी उत्तरेकडे, सीमेपलीकडे जायला निघाली, वाळवंटाच्या अलीकडून एकदा फोन आला, नंतर नाही. मी नेल्मीचा बाप्तिस्म्याचा बाप, म्हणून कासियाना मला कोम्पाद्रे म्हणायची. तिने लेकीच्या नावाची पेटी करून घेतली होती. ती स्मशानात रिकामीच होती. दर वर्षी कासियाना लेकीसाठी एका कपड्यावर भरतकाम करायची आणि तो घरच्या ट्रंकेत ठेवायची.

"पेटीत का नाही घालत?" मी एकदा विचारलं.

"रिकाम्या पेटीला कपडा घातला म्हणजे मीच तिला मेली म्हटलं, कोम्पाद्रे."

मी तेव्हा गावाबाहेरच्या जुन्या टेकाडावर खोदायला जात होतो. कासियाना तिथल्या शेडमध्ये खापरं घासायची. एका हंगामात एका लहान पोरीचं दफन लागलं. कमरेशी मोठा शिंपला होता, तो त्या काळी मुलींनाच बांधायचे, म्हणून पोरगी, असं आर्साते बाई म्हणाल्या. उत्खनन त्यांचं होतं. शिंपल्याभोवती नखाएवढ्या शिंपल्यांच्या चकत्या ओळीने पडल्या होत्या. प्रत्येकीला भोक होतं. कपडा कधीच कुजला होता, पण त्यावर शिवलेल्या चकत्या जागच्या जागी होत्या. खालच्या मातीत विणीचा ठसा होता आणि चकत्यांवर लाल रंग. त्यावरून पोरीच्या अंगात काय होतं ते कळणार होतं.

माती सुटी करायला पोटावर झोपून बांबूच्या काड्यांनी काम केलं. हात आखडायचे. मग प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळून सगळा ठोकळा चौघांनी उचलला.

"लग्नात बायकोलासुद्धा मी इतकं हळू उचललं नव्हतं," फ्लोरो म्हणाला. तो माझ्याबरोबर खोदायचा.

"म्हणून ती माहेरी असते," कासियाना शेडच्या दारातून म्हणाली.

ठोकळा शेडमध्ये ठेवला. बाईंनी त्यावर ओला कपडा टाकला आणि सांगितलं, सोमवारी उघडू.

रविवारी शेडची किल्ली कासियानाकडे होती.

सोमवारी आम्ही गेलो तेव्हा टेबलावर एक नवी लाकडी पेटी होती. आत पोरीची हाडं, बारीक खाली, लांब कडेने, वर कवटी. खाली नवा कोरा कपडा, त्याच्या कडा पेटीबाहेर सोडलेल्या, आम्ही सोडतो तशा. त्यावर जांभळ्या फुलांची वेल. चकत्या एका वाटीत, पांढऱ्याशुभ्र. एकीवरही लाल उरलेला नव्हता. माती झाडून बादलीत.

काम अव्वल होतं. कवटीची एक शिवणसुद्धा निखळली नव्हती.

आर्साते बाई स्टुलावर बसल्या. वाटीतली एक चकती उचलून त्यांनी उजेडात धरली.

"का केलंत, कासियाना?"

"पोर उघडी होती, बाई. अंगावर कपडा नव्हता."

"होता. तोच तर मी शोधत होते."

कासियानाला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिने बादलीत बघितलं, हात घालून माती उकरायला लागली. बाईंनी तिचा हात धरला. "राहू द्या. आता नाही मिळायचं."

बाईंनी तिला कामावरून काढलं नाही. पण कपडा मात्र हाडांजवळ ठेवता येईना. इतक्या जुन्या हाडांजवळ नवं काही ठेवलेलं चालत नाही. त्यांनी घडी घालून तो तिच्यापुढे धरला.

"घातलेला कपडा परत घेत नाहीत," कासियाना म्हणाली. "लेकीचा होता. विचार करून घातला मी."

ती निघून गेली आणि पुन्हा शेडवर आली नाही. बाई तिच्या घरी गेल्या, अंगणात बसून भाकरी खाल्ली आणि परत आल्या. खड्डा बुजवताना मी तो कपडा पोर होती त्या जागी तळाला ठेवला आणि माती ठोकून बसवली. बाईंनी बघितलं.

त्यानंतरही कासियाना दर वर्षी कपडा भरत राहिली. डोळे गेले तसे टाके मोठे झाले. शेवटच्या आजारपणात तिने मला बोलावलं.

"तीन वर्षांनी मला नेल्मीच्या पेटीत ठेव. रिकामी नको राहायला."

"आणि ती आली तर?"

"आली तर सारेल मला बाजूला. लहानपणी एका झोळीत झोपायचो, तिथेही सारायची."

तीन वर्षं भरली तशी तिला वर काढलं. गुडघे आता वाकत नाहीत, म्हणून मी ओट्यावर बसून काम केलं. पायांपासून सुरुवात केली, तिनेच शिकवलं होतं तशी. ट्रंकेतला सगळ्यांत मोठ्या टाक्यांचा कपडा घेतला. पेटी लेकीच्या मापाची आणि कासियाना उंच. मांडीची हाडं तिरकी बसवावी लागली. सगळी एका कडेला रचली, दाटीने, हलणार नाहीत अशी. दुसरी कड मोकळी ठेवली.

पेटीवर नाव नेल्मीचंच आहे. त्याखाली मी काही लिहिलेलं नाही.