ठकीच्या टाचा

ठकी परवा मेली, वाडीवर, तापानं. आणि काल गेटावरचा नवा पहारेकरी मला विचारतो, "धाकलूदादा, हीच ना ती बाई, जिनं चार वर्षांमागं डबा तापवला?" अशी तिडीक गेली डोक्यात! म्हटलं, गप बस, तुला काय माहीत हाय रं? पण त्याला तरी कुणी सांगितलं? आमीच. म्हणून आता खरं मीच सांगतो, कुणाला राग येईल तर येऊ दे.

ठकी खालापूरच्या वरच्या अंगाच्या ठाकरवाडीतली. नवरा गोमा, मध काढताना कड्यावरून पडून गेला. आमचं वीजघर बांधलं तेव्हा ती ओढ्यावरच्या बांधाला दगड वाहायला आली, आणि तिथंच कामाला राहिली. बांधातून खाली वीजघरात येणाऱ्या नळाच्या तोंडाला लोखंडी जाळी होती. तिच्यात अडकलेला पाला दिवसभर काढायचा, एवढंच काम. ते पाणी खाली यायचं डबा थंड ठेवायला. डबा म्हंजे आमचा ट्रान्सफॉर्मर, खोलीएवढा, तेलानं भरलेला. आतलं तेल तापलं की पंप ते बाजूच्या पिंपात ढकलायचा. पिंपात तांब्याच्या नळ्या, नळ्यांत ओढ्याचं पाणी. तेलाची गरमी पाण्यात जायची, निवलेलं तेल परत डब्यात, आणि कोमट झालेलं पाणी दगडी गटारातून बाहेर.

त्या गटारात ठकी रोज सकाळी पाय सोडून बसायची. टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा, त्या शेकायची. मला ते बघवत नसे. "ऊठ गं, ही काय तुझी न्हाणी हाय?" म्हटलं की म्हणायची, "पाणी आमच्या ओढ्याचं हाय. गरमी तेवढी तुमची, ती घे जा परत." असली तोंडाळ! मी तिचं तोंड बघत नसे, आणि ती माझं.

फोरमन होता गजाभाऊ, कळंबचा. आमच्यातलाच, पण साहेब आला की ह्याची पाठ वाकायची आणि साहेब गेला की आमच्यावर भुंकायचा.

त्रेचाळीस सालचा वैशाख. लढाईमुळं गिरण्यांचा भार वाढलेला. डब्याची गरमी दाखवणारा काटा होळीपासून अडकून बसलेला, आणि विलायतेचं सामान येत नव्हतं. रविवारी भार कमी असतो म्हणून मी तेलाच्या नळाचं वायसर बदललं. त्यासाठी पिंपाजवळचं चाक फिरवून तेल बंद केलं होतं.

सोमवारी सकाळी ठकी ओल्या पायांनी दारात आली. "गजाभाऊ, पाणी गार येतंय."

गजाभाऊ हसला. "गार येतंय तर बरंच हाय की! डबा थंड हाय."

मीपण हसलो. ठकी हसली नाय. "रोज माझ्या टाचा शेकतात. आज शेकत नायत. मग ती गरमी गेली कुठं? डब्यातच राहिली ना?"

"जाळीवर जा! बायकांनी आता आमाला वीज शिकवायची काय?" गजाभाऊ ओरडला.

बाई बोलली ते सोळा आणे खरं होतं. आमी दोघं शिकलेले, आणि आमच्या टाळक्यात ते शिरलं नाय. दुपारी डब्याचा रंग करपल्यासारखा वास आला, झाकणाच्या फटीतून तेल पाझरलं, आणि खाटकन सगळं बंद पडलं. मी पिंपाकडं धावलो. चाक बंदच होतं. उघडायचंच विसरलो होतो मी! आजूबाजूला बघितलं आणि गपचूप चाक उघडलं. वळलो तर मागं गजाभाऊ उभा.

"सकाळी तिनं सांगितलं तेव्हा मी हसलो," तो हळू आवाजात म्हणाला. "साहेबाला कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि तुझीपण. जाळीत पाला अडकला, पाणी आलं नाय. कळलं?"

मी मान डोलवली.

दुसऱ्या दिवशी गोरा साहेब आला. ठकीला बोलावलं. ती ताठ उभी राहिली. "जाळी साफ होती. पाला अडकला असता तर पाणी कमी आलं असतं. पाणी भरपूर होतं, पण गार होतं. मी येऊन सांगितलं होतं." साहेबानं गजाभाऊकडं बघितलं. गजाभाऊनं इंग्रजीत सांगितलं की बाई म्हणते, विसरली. 'फरगॉट'. तेवढा शब्द मला येत होता, माझ्यासाठीच दहा वेळा वापरलेला.

ठकीला इंग्रजी कळलं नाय, पण साहेबाचं तोंड कळलं. ती माझ्याकडं वळली. "धाकलू, तू होतास ना तिथं? तू बोल."

एक वाक्य बोलायचं होतं. नवरा नाय, पोटाला दुसरं काय नाय, त्या कामावर ती जगत होती. आणि मी म्हणालो, "मला काय माहीत नाय."

तिला त्याच दिवशी काढली. पुढं तिनं लाकडाच्या मोळ्या वाहिल्या, उन्हाळ्यात सडकेवर करवंदं विकली. मी समोरून गेलो की पाटीवर फडकं टाकायची. माझ्या पैशाला तिनं कधी हात लावला नाय, आणि बरंच केलं.

पण एक राहिलंच. काढल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाळीवर राहिलेला आपला कोयता न्यायला आली होती. जाताना गटारापाशी थांबली, पाण्यात पाय घातला. डबा रात्रीच परत चालू केला होता, आणि मी तिथंच चाक पुसत होतो.

"आज कोमट येतंय," ती म्हणाली. मग चाकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "म्हंजे बंद तूच केलं होतंस."

तिनं पाय बाहेर काढला, लुगड्याला पुसला आणि वाडीच्या वाटेला लागली. मी चाक पुसत राहिलो.