शेताचं तेवढं बघ

त्याला सगळे फूटपट्टी म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त ट्रॅक्टरच्या कागदांवर उरलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तो नांगरटीच्या धंद्यात पडला आणि चौसष्टाव्या वर्षापर्यंत आसपासच्या एकूण एक शेतांतून त्याचा नांगर फिरला. समोरच्या बांधावरचं एखादं झाड धरायचं, एक डोळा बारीक करायचा आणि ते झाड येईपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही, ही त्याची पद्धत. त्याची ओळ अशी सरळ यायची की लोक वाटेत सायकल थांबवून बघत. कुणी कौतुक केलं की 'त्यात काय एवढं' म्हणायचा आणि घरी येऊन बायकोला ते कौतुक शब्दन् शब्द ऐकवायचा.

त्याला कुणी 'नांगरून दे' असं म्हणत नसे. 'आमचं कधी बघतोस?' असं विचारत. 'पाऊस यायच्या आत आमच्याही शेताचं बघ.' पंचेचाळीस वर्षं 'बघ' म्हणजे नांगर, एवढाच अर्थ त्याच्या कानांना ठाऊक होता. म्हणजे निदान तो तसं सांगतो.

हे शब्द एकाच माणसानं त्याला कधी ऐकवले नव्हते, ती त्याची सख्खी मोठी बहीण. ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. माती तपासायच्या प्रयोगशाळेत तिनं अठ्ठावीस वर्षं बाटल्या धुतल्या आणि निवृत्त झाल्यावर वडिलांच्या शेतातला आपला अर्धा वाटा स्वतः करायचं ठरवलं. भावानं मोठ्या मानानं त्या वर्षी सगळ्यांत आधी ट्रॅक्टर तिच्याच वाट्यात आणला. ती बांधावर उभी होती.

"माझ्यात नांगर नको," ती म्हणाली.

"नको म्हणजे? यंदा नको?"

"कधीच नको."

त्यानं ट्रॅक्टर बंद केला. एखाद्या शिंप्याच्या बहिणीनं बाजारातून शिवलेले कपडे आणावेत, तसं वाटलं त्याला. ताईनं समजावायचा प्रयत्न केला. जमीन उलटीपालटी केली की आतलं घर मोडतं, म्हणाली. गांडुळांची बिळं, जुन्या मुळांच्या वाटा, पाणी त्यातूनच खाली उतरतं. कुजून मुरलेलं सगळं वर आणलं की ते हवेत विरून जातं, चुलीच्या धुरासारखं. त्यापेक्षा धसकटं, काडीकचरा वर पडू द्यायचा, त्यातच बारीक चिरा पाडून बी टोकायचं.

"अठ्ठावीस वर्षं बाटल्या धुतल्यास," तो म्हणाला, "आता मला शेती शिकव."

ताई हसली. ते हसणं त्यानं जन्मभर विसरायचं नाही असं ठरवलं, आणि असली कामं तो चोख करतो.

पहिली दोन वर्षं त्याला फार बरी गेली. ताईच्या शेतात तण माजलं, मका खुरटला, आणि चहाच्या टपरीवर त्याला बोलायला विषय मिळाला. "आमच्या ताईचं शेत म्हणजे न विंचरलेलं डोकं," असं तो म्हणायचा आणि लोक खो खो हसायचे. चौथ्या वर्षी हसणं जरा कमी झालं. पाचव्या वर्षी पावसानं मध्येच बावीस दिवस दडी मारली. त्याचा मका बाराव्या दिवशी माना टाकून उभा होता, ताईचा वीस दिवस हिरवा राहिला. बी-बियाणं वेगळं असेल, असं त्यानं टपरीवर सांगितलं. बियाणं दोघांनी एकाच पोत्यातलं घेतलं होतं.

मग ताईनं त्याला एकदा स्वयंपाकघरात बोलावलं. खिडकीत पाण्याच्या दोन बरण्या. दोन्हींच्या तोंडाशी जाळी टाकून तिनं एकीत त्याच्या शेतातलं ढेकूळ ठेवलं, दुसरीत आपल्या शेतातलं. चहा होईपर्यंत त्याचं ढेकूळ विरघळून तळाशी गाळ बसला. तिचं होतं तसं राहिलं, पाणीही स्वच्छ.

"चिकटमातीचा गोळा ठेवलास," तो म्हणाला.

"एकाच बापाची जमीन आहे रे. बांध तर आपणच घातला ना मध्ये?"

त्यानं चहा अर्धवट टाकला. बरणीचं एक वेळ सोडा, पण रस्त्याकडेच्या मोरीचं काय करणार? दोन्ही शेतांचं पाणी दोन नळ्यांतून तिथं पडायचं. मोठा पाऊस झाला की त्याच्या नळीतून चहासारखं गढूळ पाणी यायचं आणि ताईच्या नळीतून थोडंसं, नितळ. दर वर्षी हे दिसे. दर वर्षी तो मोरीवरून मान दुसरीकडे वळवून जाई.

अकराव्या वर्षी ताईचा गुडघा बदलायचं ठरलं. इस्पितळात निघताना गाडीच्या खिडकीतून ती म्हणाली, "शेताचं तेवढं बघ हं."

त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शेवटी म्हणाली! अकरा वर्षं अडून बसली, पण शेवटी भावाकडेच आली. घरी येऊन त्यानं नांगराचे फाळ पाजळायला काढले.

"अहो, वन्संना एकदा फोन करून विचारा तरी," बायको म्हणाली.

"विचारायचं काय? बघ म्हणाली, कानांनी ऐकलंय मी."

"त्या बघ म्हणाल्या. नांगर म्हणाल्या का?"

"दुसरं काय बघायचं असतं शेतात?"

बायकोनं भिंतीकडे बघितलं. ताईचा फोन नंबर भिंतीवर, कॅलेंडरच्या बाजूला, ठळक अक्षरांत लिहिलेला होता.

सकाळी नऊच्या सुमारास त्यानं पहिली ओळ घातली. नांगर इतका हलका चालला की काही तुटलं की काय म्हणून तो उतरून बघायला गेला. काहीच तुटलं नव्हतं. माती काळी, ओलसर, चुरा होणारी. तिच्यात हाताच्या बोटांएवढी बिळं खोलवर गेलेली, आणि उलटलेल्या थरावर गांडुळंच गांडुळं. बघता बघता पक्षी ट्रॅक्टरमागे उतरले. त्याच्या स्वतःच्या शेतात त्याच्यामागे पक्षी येऊन कितीतरी वर्षं झाली होती. तो तिथं बराच वेळ उभा होता, हे बायकोनं घराच्या मागच्या दारातून बघितलं. मग तो पुन्हा ट्रॅक्टरवर चढला. संध्याकाळपर्यंत सगळं शेत उलटं झालं होतं.

ताईला त्यानं काहीच कळवलं नाही. तिला आल्यावर आनंदाचा धक्का द्यायचा होता.

सात आठवड्यांनी ती वॉकर धरून बांधाशी आली. ओरडली नाही, रडलीही नाही. वाकता येत नव्हतं म्हणून तिनं त्यालाच एक ढेकूळ उचलून द्यायला सांगितलं, हातात धरून दाबलं आणि हात झटकला.

"किती सरळ आहे रे," ती म्हणाली.

हेच शब्द तिच्या तोंडून ऐकायला तो अकरा वर्षं झुरला होता. 

"तूच म्हणालीस, बघ म्हणून."

"बघच म्हणाले होते. गुरं शिरतात, म्हणून."

"होईल पुन्हा पहिल्यासारखं. मी नांगराचं टोकसुद्धा लावणार नाही."

"होईल की," ताई म्हणाली. "मी ब्याऐंशीची होईन तोवर. आता तूच बघ."

त्या पावसाळ्यात तिनं बी टोकलं नाही. शेत दिसणाऱ्या खिडकीतली आपली खुर्ची तिनं भिंतीकडे तोंड करून ठेवली. मोरीतल्या दोन्ही नळ्यांतून सारखंच गढूळ पाणी आलं. अकरा वर्षांत मुरलेलं एका दिवसात मोकळं झालं आणि तीन पावसांत रस्त्यावर आलं. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, चला, बहीणभावाचं एकदाचं जमलं.

त्यानं ट्रॅक्टर विकला. टपरीवर तो सगळ्यांना सांगतो, शब्दाचा घोळ झाला, ती बघ म्हणाली, मी नांगर समजलो, माझ्या जागी कुणीही तेच समजला असता. लोक माना डोलावतात. कुणालाही ते पटतं, कारण त्या सगळ्यांनीच त्याला आयुष्यभर तसंच सांगितलेलं असतं.

बायकोनं मात्र एकदा, भाजी निवडता निवडता, मान वर न करता विचारलं, "पहिल्याच ओळीला कळलं होतं ना तुम्हाला?"



"रेघ सरळ चालली होती," तो म्हणाला.