विहिणीच्या घरचा काळा स्पंज

अशी जवळ सरक, बाई. लांबून ऐकलेलं तुला कधी नीट कळलंय? धाकटी बहीण म्हणून तुझे पुष्कळ लाड केले, पण या वेळी मी रागावणार आहे. आत्यानं सांगितलं, मामीनं सांगितलं, अन् तू मानून मोकळी झालीस. मला एक फोन करून विचारलं नाहीस. वर म्हणतेस कशी, या वयात लेकीच्या घरचं पाणी प्यायली म्हणे! हो, प्यायले. काहून प्यायले ते ऐकून घे, मग बोल.

तुझे भाऊजी मांडीचं हाड मोडून पलंगाला लागले, हे तुला ठाऊक आहेच. पलंगाशेजारी त्यांची माशांची काचेची टाकी. तिच्यात दोन जुने गोल्डफिश, एक केशरी, एक ठिपक्याचा. माणसं भेटायला येतात, पायाचं विचारतात, चहा पितात, जातात. मासे मात्र दिवसभर समोर. डॉक्टरांनी सांगून, मी सांगून हा माणूस उठून बसायला तयार नव्हता, पण माशांना खाणं टाकायची वेळ झाली की आपणहून उशीला टेकायचा. आमच्यानं झालं नाही ते माशांनी करून घेतलं. म्हणून मला त्या दोन जीवांची एवढी धास्ती.

तर त्या टाकीला खालच्या कोपऱ्यात तडा गेला. मी चुलीपाशी, अन् यांची हाक, "अवं, पानी! सारं पानी चाललं!" स्वतःला हलता येईना, डोळ्यांसमोर टाकी रिकामी होऊन राहिलेली. मी धावत जाऊन मासे कपडे भिजवायच्या टबात काढले. शेजारीण आली. मोठी मायाळू बाई, हात म्हणून थांबत नाही. मी भंडाऱ्याला माशांच्या दुकानदाराला फोन लावते तोवर तिनं जमीन पुसली, फिल्टरमधला काळाकुट्ट बुळबुळीत स्पंज साबणाच्या पावडरनं घासला, अन् टाकीतल्या गोट्यांसकट गच्चीवर उन्हात वाळत घातला.

"पाहा काकू, कसा नवा करून टाकला!"

नवी टाकी घेऊन दुकानदार आला तेव्हा त्यानं पहिलं विचारलं, जुना स्पंज कुठाय? मी तो पांढराफटक स्पंज पुढं केला. त्यानं कपाळाला हात लावला. "काकू, तो काळेपणाच तर पाहिजे होता. माशायची घाण पान्यात विष होते अन् ते काळं ते विष खाते. कोऱ्या टाकीत ते तयार व्हायले हप्ते लागतात. तवर मासे आपल्याच विषात."

"मग तुझ्याकडचा दे."

"माह्या टाक्यांत रोग शिरला हाय. कोणाच्या घरची चांगली चालती टाकी पाहा. तिचा स्पंज ओलाच आणा, हवा लागू द्या, नळाखाली धरू नका."

जाताना त्यानं एक औषधाची शिशी अन् काचेची नळी दिली. टबातलं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर विष. आपण धानाच्या मुलखातली माणसं, हिरवं दिसलं की आपल्याला बरं वाटतं. पण नळीतलं पाणी गर्द हिरवं झालं.

चालती टाकी मला एकच ठाऊक होती. आंधळगावला, जावयाच्या किराणा दुकानात.

तुझ्या भाऊजींच्या घरचा नेम तुला सांगायला नको. लेक दिली त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. बारसं असो की सत्यनारायण, आम्ही आपली बाटली घेऊन जातो. विहीणबाई दर वेळी पेला समोर ठेवतात, अन् दर वेळी भरलेलाच उचलून नेतात. कधी अक्षर बोलल्या नाहीत.

"तिथं नको जाऊ," हे म्हणाले.

"मग कुठं जाऊ? मोहाडीत कोणाकडे हाय, सांगा."

यांनी भिंतीकडे तोंड केलं. टबात केशरी मासा वर येऊन तोंड उघडझाप करून राहिला होता. मी अर्धं पाणी बदललं, स्टीलचा डबा घेतला अन् चपला घातल्या.

जावई मालासाठी नागपूरला गेलेले, दुकानात लेक होती. ऐकताच तिनं मागच्या दाराकडे पाहिलं. "आई, सासूबाई आंगणात आहेत. मी पटकन काढून देते, तू डब्यात टाक अन् निघ."

"चोरून? माह्यानं नाही होत." मी विहीणबाईंना हाक मारली.

पदराला हात पुसत त्या आल्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाल्या, "विहीणबाई, माह्या घरचं पानी तुम्हाले चालत नाही, अन् घाण चालते?"

लेकीनं मान खाली घातली. साखरेला आलेलं गिऱ्हाईक पिशवी खाली ठेवून ऐकत उभं राहिलं.

"तुमचं खरं हाय," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"मग मी काहून देऊ?"

"मासे मरून राहिले म्हणून."

त्या आत निघून गेल्या. मला वाटलं, संपलं. एवढ्यात त्या परत आल्या, ताटलीत गुळाचा खडा अन् काठोकाठ भरलेला पेला घेऊन. "पहिले हे."

बाई, तो पेला मी किती वेळ पाहिला कुणास ठाऊक. घेतला तर घरी पडून असलेल्या माणसाचा नेम त्याच्या पाठीमागं मोडते. नाही घेतला तर रिकामा डबा घेऊन जाते, अन् तो टब.

"काकू, माही साखर?" गिऱ्हाईक म्हणालं.

"थांब रे," विहीणबाई म्हणाल्या, "इथं सोयरीक होऊन राहिली."

मी एका दमात प्यायले. त्यांनी रिकाम्या पेल्यात डोकावून पाहिलं. मग बांगड्या मागं सारून स्वतः टाकीत हात घातला. आत दोन स्पंज होते, त्यांतला एक त्यांनी काढला अन् टाकीतल्याच पाण्यासकट माझ्या डब्यात ठेवला. "एक राहू दे, आमच्याबी माशायले लागते."

येताना काळीपिवळी जीप धानाच्या ट्रॅक्टरमागं अडकली. झाकण उघडं ठेवून मी डबा मांडीवर धरलेला. शेजारचा माणूस नाक दाबून म्हणाला, "काय सडलं जी, काकू?"

"औषध हाय."

"मग तुमच्या दुश्मनाले द्या."

एरवी मी हसले असते. ट्रॅक्टर काही हलत नव्हता.

घरी आले तेव्हा केशरी मासा टबात एका अंगावर कलला होता. यांनी डबा पाहिला.

"आंधळगावचं?"

"हो."

"एवढंच आणलं?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. पण मी म्हटलं, "पानी प्यायली मी तिथं. तुम्ही नको म्हणान तर हे टाकत नाही."

मी डबा धरून उभी. टबातलं पाणी जरा हललं की मासा हलल्यासारखा वाटायचा, अन् मग कळायचं की नाही.

"मले बसव," ते म्हणाले.

उशी लावून बसवलं. त्यांनी फिल्टर मागितला, डब्यात हात घातला अन् तो काळा स्पंज स्वतः बसवला. त्या घरचं पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. पुसायला मी फडकं पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मासे नव्या टाकीत सोडले. पण लगेच काही सुधारलं नाही. नळी हिरवीच, मग जराशी फिकी, मग पुन्हा हिरवी. खाणं चिमटीभर. हे माझ्याशी बोलत नव्हते, सकाळी फक्त विचारायचे, "कोणता रंग?" केशरी मासा कोपऱ्यात तळाशी, पंख मिटून. आंधळगावहून विहीणबाईंचा फोन, "झालं का पिवळं?" दोन्हीकडच्यांना मी तेच सांगायची, अजून नाही.

एका सकाळी थेंब टाकले अन् पाणी पिवळं राहिलं. माझा विश्वास बसेना. खिडकीत नेलं, पांढऱ्या कागदावर धरलं.

"इकडे आण," हे म्हणाले. नळी हातात घेऊन त्यांनी उजेडात फिरवली. टाकीत केशरी मासा गोट्या उकरून राहिला होता. "फोन लाव तिथं."

"काय सांगू?"

"मीच बोलतो."

त्या घरी त्यांनी स्वतःहून लावलेला हा पहिला फोन. "विहीणबाई, जगले दोन्ही," एवढंच म्हणाले. पलीकडून आवाज आला, "मग पेला भरून ठेवू का?"

यांनी पायाकडे पाहिलं. "चालाले लागलो की येतो."

पितील की नाही, मी विचारलेलं नाही. वॉकर धरून आता दारापर्यंत जातात. तू मात्र दुसऱ्यांच्या तोंडून काही ऐकू नकोस. नवा तांदूळ घरात आलाय, तुझे भाऊजी तुझी आठवण काढतात. चार दिवस सवड काढ अन् लवकर मोहाडीला ये, बाई.