घुम्या न सांगता जायचा

आमच्या घुम्याला लहानपणापासून बोलायचा कंटाळा. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा. शाळेतली पोरं घुम्या म्हणायची, मग आई म्हणायला लागली, आणि तेच नाव पडलं.

घरातनं बाहेर पडताना तर तो कधीच सांगायचा नाही. मागच्या दारात चपला घालायच्या आणि चालू पडायचं. खोलीचं दार तसंच ओढलेलं, आत पंखा फिरतोय. आईला वाटायचं आत कामात आहे, कशाला हाक मारा. ती आपली ताट झाकून बसायची. तो जेवल्याशिवाय घास घ्यायची नाही. आणि तिला साखरेचा आजार. डॉक्टरांनी बजावलेलं, सुई टोचली की लगेच खायचं, थांबायचं नाही. पण ऐकेल ती आई कसली.

घुम्याचं काम कॉम्प्युटरचं, घरातनंच करायचा. हापिसात एक मोठं मशीन, त्यात सगळ्यांच्या फायली, आणि बाकीची मशीनं तिथनं वाचतात. ते सगळं नीट चालवायचं हे त्याचं काम. पण मधेच कधीतरी एखादी फाईल अशी अडकायची की कोणाला त्यात काही लिहिता यायचं नाही. नुसते ताटकळत बसायचे सगळे. हापिसातला साहेब म्हणायचा, "बंद करून चालू कर ना, सुटतं." घुम्याला ते पटायचं नाही. "सुटतं, पण अडकतं कशाने?" म्हणायचा आणि परत खोलीत जायचा. असं किती दिवस चाललं होतं.

मग एका सकाळी तो आपणहून स्वयंपाकघरात आला. आई भाजी निवडत होती.

"आई, सापडलं."

"काय हरवलं होतं रे?"

"कुलूप. म्हणजे बघ. वाचणारा फाईलला कुलूप लावतो, वाचत असताना कोणी तिच्यात बदल करू नये म्हणून. वाचून झालं की काढतो. लांबच्या मशीनकडनं आणून वाचलं तर बरोबर काढतो. पण जवळच आधीची नक्कल ठेवलेली असली, तर तो आधी विचारतो, ही अजून चालेल का? आणि उत्तर नीट आलं नाही की तिथूनच मागे फिरतो. कुलूप तसंच. बाकीच्यांना वाटतं हा आत वाचतोय. बसलेत वाट बघत."

आईने देठ मोडता मोडता त्याच्याकडे बघितलं. "म्हणजे तुझ्यासारखंच की रे! मागच्या दाराने पसार, आणि मी इकडे ताट घेऊन बसलेली."

इतका हसला तो! हसणारा नव्हताच. म्हणाला, "आई, तुला हापिसात नोकरीला लावतो."

"पगार तुझ्या साहेबापेक्षा जास्त पाहिजे हां."

मग तो खोलीत गेला. जिथनं तो वाचणारा मागे फिरायचा तिथेही कुलूप काढायची एक ओळ घातली. एवढंच. एका ओळीसाठी जीव काढला होता.

दुपारी साहेबाचा फोन आला, मोठ्या मशीनवर चढवून बघू, तू इकडेच ये. घुम्याला काय आनंद! चपला घातल्या आणि गेला. मागच्या दाराने. दार ओढलेलं, पंखा चालू.

आईने सुई टोचून घेतली आणि दोन ताटं वाढली.

थोरलीचा, घुम्याच्या मोठ्या बहिणीचा, तिच्या घरनं फोन आला. "आई, जेवलीस का?"

"जेवते ग. घुम्या येऊ दे. आज खूश आहे, कामात आहे, कशाला उठवू."

"अगं तू घे ना खाऊन, तो काय लहान आहे?"

"बरं बाई, घेते," म्हणाली. घेतलं नाही. घेणार नाही हे थोरलीला माहीत होतं, ती आता तेच धरून रडते.

हापिसात सगळी मशीनं एकदम वाचायला लावली, नक्कल मुद्दाम जुनी केली, काय काय केलं. एकही फाईल अडकली नाही. साहेबाने पाठीवर थाप मारली. घुम्या संध्याकाळी घरी आला तो आईला सांगायचं म्हणून पुढच्या दाराने, हाक मारतच.

आई खुर्चीत, मान कलंडलेली. समोर दोन्ही ताटं झाकलेली. त्याला वाटलं डोळा लागलाय. हाताला हात लावला तर गार. डॉक्टर आले, साखर उतरली म्हणाले, जाऊन वेळ झालाय. आतल्या खोलीत पंखा फिरतच होता. शेवटी शेजारणीने जाऊन बंद केला.

हापिसातनं माणसं भेटायला आली. त्यातला एक जण बरं वाटावं म्हणून म्हणाला, "तुमच्या त्या कामाने आता कोणी अडकत नाही." घुम्या उठून आत गेला.

आता तो मागच्या दाराने जात नाही. साधं कोपऱ्यावर दूध आणायला निघाला तरी स्वयंपाकघराच्या दारात थांबतो. पंखा बंद केलाय ना, परत जाऊन बघून येतो. मग त्या खुर्चीकडे बघून सांगतो, "आई, मी बाहेर चाललोय. तू जेवून घे."

थोरली तिथेच असते कधी कधी, भांडी घासत. ती नळ बंद करते, त्याचं सांगून होईपर्यंत.