जाहिरातीचा जाब

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला वर्कशॉपमध्ये सगळे थंडोबा म्हणत. गिऱ्हाईक कितीही तडकलं तरी हा आपला मान खाली घालून स्क्रू फिरवत राहणार. "घराला आग लागली तरी हा आधी प्लग काढेल," असं सुपरवायझर सांगायचा, आणि ते कौतुकच होतं.

कुरकुर करायचे ते फक्त त्याचे गुडघे. जिने चढून आणि ओल्या फरशीवर उकिडवं बसून त्यांचा पार भुगा झाला होता. वर्कशॉपमध्ये टेबलाशी खुर्चीत बसून मशीनच्या मोटारी दुरुस्त करायची एक जागा रिकामी होणार होती. सुपरवायझरने शब्द दिला होता, "या महिन्यात तुझी एकही तक्रार उघडी राहिली नाही, तर ते टेबल तुझं. एक जरी राहिली तर माझ्याकडे येऊ नकोस."

तक्रार बंद व्हायची ओटीपीने. काम झालं की गिऱ्हाइकाच्या फोनवर आकडा यायचा. त्याने तो सांगायचा, याने आपल्या फोनमध्ये भरायचा. आकडा नाही तर कामही नाही, मग मशीन गरगर फिरत का असेना.

आणि नेमकी तेव्हाच कंपनीला जाहिरात सुचली. जाहिरातीत म्हातारा सासरा सुनेचे कपडे मशीनमधून काढतो आणि दोरीवर वाळत घालतो. एवढंच. पण अर्धं जग खवळलं, म्हणालं, घराची अब्रू दोरीवर टांगली! कंपनीने घाबरून जाहिरात मागे घेतली, तर उरलेलं अर्धं जग खवळलं, म्हणालं, शेपूट घातलं! साहेब लोक केबिनची दारं लावून बसले. तिथून हुकूम तेवढा आला: जाहिरातीबद्दल कोणी अवाक्षर काढलं तर त्याने दुसरी नोकरी शोधावी. मग जाब विचारायला लोकांच्या हाताशी उरलं कोण? छातीवर कंपनीचं नाव शिवलेला थंडोबा.

"काय रे, तुझ्या घरी घालतो का सासरा सुनेचे कपडे वाळत?" एका आजींनी त्याला दारातच गाठलं.

"आजी, पट्टा बदललाय. आकडा सांगता?"

"आधी लाज वाटते म्हण."

आजींची सून आतून ओरडली, "अहो आई, सोडा त्याला! कपड्यांचा डोंगर झालाय इथे!" आणि तिनेच आकडा सांगितला, म्हणून निभावलं.

रात्री जेवताना त्याने बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "अहो, म्हणून टाकायचं ना त्यांना हवं ते."

"आणि नोकरी गेली म्हणजे?"

"मग बसा घरी, घाला माझे कपडे वाळत. आपलीपण जाहिरात होईल."

ती खूप हसली. त्याला हसू आलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी शेवटची तक्रार आली ती चौथ्या मजल्यावरची, आणि लिफ्ट बंद. कठडा धरून, दर मजल्यावर कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तो वर पोचला. दार उघडलं ते घरून काम करणाऱ्या एका तरुणाने. कानात हेडफोन, पायात एकच चप्पल. मशीनमधलं पाणी बाहेर जात नव्हतं. थंडोबाने मशीन आडवं केलं, जळालेला पंप काढला, नवा बसवला, पाणी खळखळून गेलं. तो उठला आणि पाहतो तर समोर फोन, कॅमेरा सुरू.

"कंपनीने माघार का घेतली?" तरुणाने विचारलं.

"साहेब, ते मला माहीत नाही. आकडा आला असेल."

"आलाय. पण आधी उत्तर. तुम्ही लोक गप्प बसता म्हणूनच यांचं फावतं."

"अहो, मला बोलायची परवानगी नाही."

"बघा! म्हणजे गळचेपी आहे. हेच बोला."

"तुम्ही कंपनीला फोन करा ना."

"ते उचलत नाहीत."

"म्हणून मला धरलंत?"

"शर्टावर नाव कोणाचं आहे?"

थंडोबाने शर्टाकडे पाहिलं. मग तो पुन्हा खाली बसला. गुडघे कडकडले. त्याने मशीन आडवं केलं, नवा पंप काढून पिशवीत टाकला आणि जळालेला जागच्या जागी बसवायला घेतला.

"अहो, हे काय करताय?"

"होतं तसं करून देतोय. आकडा नाही म्हणजे काम झालेलं नाही. कंपनीचा नियम आहे, तोही तुमच्या फोनमध्ये घ्या."

"मी तुमची तक्रार करीन!"

"करा! एक काय, दहा करा!" वर्कशॉपमध्ये कुणी ऐकला नसेल असा आवाज त्याच्या तोंडून निघाला. "जाहिरात काढली त्यांनी, गुंडाळली त्यांनी, आणि जिने चढतोय मी! सकाळी एक जण म्हणतं लाज सोडली, संध्याकाळी दुसरं म्हणतं कणा नाही. आहे मला कणा! तो दुखतोसुद्धा!"

शेवटचा स्क्रू आवळून, पिशवी उचलून तो जिना उतरू लागला. टेबल गेलं, हे त्याला पहिल्याच वळणावर कळलं, तरी पाय थांबले नाहीत. तो पार तळाला पोचल्यावर वरून हाक आली, "ओ काका! वर या! देतो आकडा!"

थंडोबाने मान वर केली. चार मजले. डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या, रागाने.

"तुम्ही खाली या!" तो ओरडला. "आकडा इथे भरायचा, मग मी वर येणार."

मग फटफट आवाज करत एक चप्पल खाली येऊ लागली. तरुण धापा टाकत समोर उभा राहिला. त्याने आकडा वाचून दाखवला, थंडोबाने भरला. तक्रार बंद झाली.

"एक विचारू? कॅमेरा नाहीये आता," तरुण हळूच म्हणाला. "तुमचं स्वतःचं मत काय, त्या जाहिरातीबद्दल?"

"माझं मत? कपडे कोणीही वाळत घाला, बाबा. फक्त ही पिशवी तू घे."

तरुणाने पंपाची पिशवी घेतली. थंडोबाने कठडा धरला आणि पहिली पायरी चढला.