समुद्र नको, मैदान सांगा

केमोथेरपीची सुई नुसती दिसली, तरी माझ्या थोरल्या बहिणीला उलट्या सुरू व्हायच्या. डॉक्टरांनी औषधांच्या जोडीला संमोहन उपचार सुचवले. दादा भडकला, "कुणाच्या तरी ताब्यात जाणार तू?" ताई मला सोबत घेऊन गेली.

उपचार करणाऱ्या बाई हळू आवाजात सांगत होत्या, "डोळे मिटा. समोर शांत समुद्र आहे..." ताईने मूठ घट्ट आवळली. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "समुद्र नको, मला त्याची भीती वाटते. मी शिकवते त्या शाळेचं मैदान सांगा." बाई हसल्या आणि मैदान सांगू लागल्या. ताईचं एकेक बोट सुटत गेलं.

मी त्या उघड्या तळव्याकडे बघत राहिले. ताब्यात गेलेलं माणूस असं अडवतं का? आजारपणाने तिचे केस नेले, जिभेची चव नेली, झोप नेली. इथे मात्र डोळ्यांपुढे काय आणायचं, ते तीच ठरवत होती.

पुढच्या केमोला तिला एकदाच उलटी झाली. दादा म्हणाला, "म्हणजे झालीच ना?"

ताईने तोंड पुसलं. "झाली. आणि मी त्या बाईंकडे पुन्हा जाणार आहे."