आक्रीत जावई

हळदीचे जाड गड्डे आणि बारीक हळकुंडं एका कढईत शिजवायची नसतात, हे मला माहीत नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासुरवाडी वसमतकडची, मी हिंगोलीत कारकून, आणि अंगात नको तेवढा उत्साह. सासरे जेवायला गेले तेवढ्यात मदत म्हणून दोन्ही ढीग मी कढईत ओतून टाकले. हळकुंडांचा लगदा झाला, गड्डे आतून कच्चेच. सासऱ्यांनी नुसती कढई उतरवली. बोलले ते चुलत सासरे. एक हळकुंड बोटानं दाबून बघत म्हणाले, "लई जावई बघितले, पर हे आक्रीत हाय."

हा शब्द त्या गावात कशालाही लावत नाहीत. नुसत्या वेगळ्या गोष्टीला 'न्यारं' म्हणतात, त्यात कौतुकही असतं. आक्रीत म्हणजे जे कधी होत नाही आणि होऊही नये, ते. उसाला तुरा लवकर आला तर न्यारं. गाय स्वतःचंच दूध प्यायला लागली तर आक्रीत. आणखी एक नियम आहे. आक्रीत नेहमी दुसऱ्याच्या घरी घडतं. आपल्या घरी घडलं की त्याला नशीब म्हणतात.

म्हणजे त्या एका शब्दानं मी सासऱ्यांच्या घरचा राहिलोच नाही. वेशीवर उतरलो की पोरं ओरडायची, "आक्रीत जावई आले."

मी सूड घ्यायचं ठरवलं. हाच शब्द, चारचौघांत, चुलत सासऱ्यांच्याच तोंडावर परत फेकायचा. अडचण एवढीच, की नोकरीत बदली लांब झाल्यामुळं माझं जाणं व्हायचं ते धोंड्याच्या महिन्यात, जावयाला वाण द्यायला बोलावतात तेव्हा. तो महिना येतो तीन वर्षांतून एकदा. इतक्या सावकाश सूड घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पहिल्या खेपेला त्यांची बैलजोडी न्याहाळली, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सुनांची वागणूक. सगळं रीतसर. मी पुरणाचे धोंडे खाऊन, चरफडत परत यायचो.

चौथ्या धोंड्याला देव पावला. तोवर गावात दोनचार मोबाइल आले होते. त्या दुपारचं जेवण चुलत सासऱ्यांकडं होतं. हात धुवायला मागच्या दारी गेलो, तर चुलीपुढं तेच बसलेले, धोतर खोचून भाकरी थापत. बाजूला चुलत सासू, हाताला प्लास्टर, सूचना देत होत्या. त्या गावात पुरुष एक वेळ उपाशी राहील, पण परातीला हात लावणार नाही.

मी ओसरीवर जाऊन पंगतीला बसलेल्या सगळ्यांना उठवलं. "चला, तुम्हाला आक्रीत दाखवतो."

दाराशी गर्दी झाली. शेजारच्या बायकाही आल्या. मी बारा वर्षांचा साठलेला आवाज काढून म्हणालो, "मामा, हे आक्रीतच की हो."

त्यांनी मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी उलटली. "व्हय, हाय आक्रीत. हिचा हात मोडला, सुना माहेरी. बसा पाव्हणे, गरम हाय तवर खा."

स्वतःच्या घराला हा शब्द लावलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

तेवढ्यात शेजारची एक बाई नवऱ्याकडं वळली. "बघून घ्या. असं आक्रीत आमच्या घरी कवा घडंल?" दुसरी म्हणाली, "आमच्याला तर परात कुठं ठेवत्यात ते बी ठाव न्हाई." बायका हसत राहिल्या आणि पुरुष एकजात माझ्याकडं बघून राहिले. नंतर पंगतीत मला कुणी आग्रह केला नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण भाकरी अशी पापुद्र्याची होती की मी तीन खाल्ल्या.

परतताना एसटी वसमतला थांबली. बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आपल्या घरच्या माणसाला आक्रीत म्हणायची रीत न्हाई. न्हाई तर त्या हळदीच्या दिवशी काकाच्या आधी मीच म्हणले असते."